मांडव्याचा धावपटू आणि आपल्या गल्लीतली मुलं-मुली

(छत्रपती संभाजीनगर इथे तरुण कार्यकर्ते आणि पालक यांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा हा मजकूर. बोलण्याची धाटणी तशीच ठेवली आहे.)



मला आज करिअरवर बोलायला बोलावलं आहे. मी सॉफ्टवेअर इंजिनिअर, म्हणजे कुठला कोर्स करावा, कुठली कोडिंगची भाषा शिकावी, पॅकेज किती मिळतं हे मी सांगेन असं आयोजकांना वाटलं असणार. ते सगळं नंतर चहा घेताना विचारा, मला ठाऊक आहे तेवढं सांगेन. पण पालक आणि मुलं एकाच खोलीत बसलेली अशी वेळ वारंवार येत नाही. म्हणून मी एका धावपटूच्या करिअरबद्दल बोलणार आहे. तो लांबचा नाही. आपल्याच मराठवाड्यातला, बीड जिल्ह्यातल्या आष्टी तालुक्यातल्या मांडवा गावचा. अविनाश साबळे.

हात वर करा पाहू, हे नाव कितीजणांनी ऐकलंय? बरं. आता विराट कोहलीसाठी हात वर करायला सांगत नाही, मोजत बसावं लागेल.

आधी त्याची शर्यत समजून घेऊ. तीन हजार मीटर स्टीपलचेस. ट्रॅकला सातपेक्षा जास्त फेऱ्या मारायच्या आणि वाटेत 35 अडथळे ओलांडायचे. त्यातले 28 साधे आणि 7 पाण्याचे. पुरुषांच्या शर्यतीत अडथळ्याची उंची 91.4 सेंटिमीटर, म्हणजे साधारण आपल्या स्वयंपाकघरातल्या ओट्याएवढी. पाण्याच्या अडथळ्यापुढे 3.66 मीटर लांबीचा, पाण्याने भरलेला उतरता खड्डा. हर्डल्सच्या शर्यतीत पाय लागला तर हर्डल पडतं आणि खेळाडू पुढे जातो. इथला अडथळा भक्कम तुळईचा असतो. तो पडत नाही, धावणारा पडतो. बूट ओले होतात, पाय जड होतात आणि वेग मात्र कमी करता येत नाही.

या शर्यतीत साबळेचा राष्ट्रीय विक्रम आहे 8 मिनिटं 9.91 सेकंद. सवयीप्रमाणे मी हिशोब केला. ताशी 22 किलोमीटर होतात. आपल्या जालना रोडवर सकाळी दहा वाजता रिक्षालाही एवढा वेग मिळत नाही.

आता हा माणूस तिथपर्यंत पोचला कसा ते पाहू.

साबळेचा जन्म 1994 चा. आईवडील शेतकरी, पण आष्टीकडची शेती म्हणजे काय ते तुम्हाला माहीत आहे. पाऊस झाला तर झाला. आईवडील वीटभट्टीवरही राबले. गावातून शाळेला जायला गाडी नव्हती. घर ते शाळा सहा किलोमीटर. लहान वयापासून तो हे अंतर कधी चालत, कधी पळत जायचा. पुढे बातम्यांमध्ये याची फार सुंदर गोष्ट झाली, 'शाळेच्या वाटेवर घडलेला चॅम्पियन' वगैरे. मला विचाराल तर शाळा सहा किलोमीटर लांब असणं ही कौतुकाची गोष्ट नाही. त्या वाटेवर आणखीही मुलं चालत होती. त्यांच्यापैकी कोणाचं नाव आपल्याला माहीत नाही.

बारावीनंतर तो फौजेत गेला, महार रेजिमेंटच्या पाचव्या बटालियनमध्ये. खेळाडू म्हणून नाही, शिपाई म्हणून. घरात पगार यावा म्हणून. सियाचीनला राहिला, मग राजस्थानच्या वाळवंटात, मग सिक्कीमला. उणे तापमानातून थेट वाळवंटात. 2015 मध्ये त्यानं फौजेच्या क्रॉस कंट्री स्पर्धेत भाग घेतला. तेव्हा तो विशीत पोचला होता. केनियात किंवा इथिओपियात या वयाची मुलं जागतिक स्पर्धेत पदकं घेत असतात. आपला माणूस तेव्हा कुठे शर्यतीत पळायला लागला होता.

तिथे अमरीश कुमार नावाच्या प्रशिक्षकांच्या नजरेत तो भरला. त्यांनी त्याला स्टीपलचेसकडे वळवलं. हे वाक्य मी मुद्दाम सावकाश बोलतोय. कोणाच्या तरी नजरेत तो भरला. बघणारा माणूस तिथे हजर होता आणि बघणं हे त्याचं कामच होतं. या मुद्द्याकडे मी परत येणार आहे.

आता आकडे. कंटाळू नका, मजा या आकड्यांतच आहे.

स्टीपलचेसचा भारतीय विक्रम गोपाल सैनी यांच्या नावावर होता, 8 मिनिटं 30.88 सेकंद, 1981 चा. हा विक्रम 37 वर्षं टिकला. 2018 मध्ये भुवनेश्वरला साबळेनं 8:29.80 वेळ दिली. सदतीस वर्षांचा विक्रम, आणि फरक एका सेकंदाच्या थोडा वर. पुढच्या वर्षी पतियाळाला 8:28.94. त्याच वर्षी दोहाच्या जागतिक स्पर्धेत आधी 8:25.23 आणि अंतिम फेरीत 8:21.37. 2021 मध्ये पतियाळाला 8:20.20, टोकियो ऑलिंपिकमध्ये 8:18.12. 2022 मध्ये तिरुवनंतपुरमला 8:16.21, रबातला 8:12.48, बर्मिंगहॅमला 8:11.20. मग जुलै 2024 मध्ये पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये 8:09.91.

मोजलंत? एकच विक्रम दहा वेळा. त्यातला पहिला सैनींचा होता, बाकी नऊ वेळा त्यानं स्वतःलाच मागे टाकलं. पहिल्या विक्रमापासून दहाव्यापर्यंत एकूण किती सेकंद कमी झाले? 19.89. वीस सेकंदही नाहीत, आणि त्यासाठी सहा वर्षं गेली. बर्मिंगहॅम ते पॅरिस या तेवीस महिन्यांत कमाई झाली 1.29 सेकंद. तेवीस महिने रोज पहाटे उठायचं आणि हातात सव्वा सेकंद. आपल्याकडे मुलानं तीन महिने क्लास लावला आणि मार्क वाढले नाहीत तर आपण क्लास बदलतो, मग मुलाला बोलतो, मग नशिबाला.

आणि ही सगळी वाट सरळ वर गेलेली नाही. टोकियो ऑलिंपिकमध्ये त्यानं राष्ट्रीय विक्रम केला तरी तो बाहेर पडला. त्याच्या हीटमध्ये तो सातवा आला, आणि अंतिम फेरी न गाठलेल्यांमध्ये सर्वांत जलद वेळ त्याचीच होती. आयुष्यातली सर्वांत चांगली धाव, आणि निकाल 'अपात्र'. 2023 मध्ये बुडापेस्टच्या जागतिक स्पर्धेत तर 8:22.24, पुन्हा हीटमध्ये सातवा, पुन्हा बाहेर. तेव्हा लोकांनी लिहिलं की हा मोठ्या स्पर्धेत ढेपाळतो. साधारण सहा आठवड्यांनी हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये तो सुरुवातीपासून सगळ्यांच्या पुढे पळाला आणि 8:19.50 या स्पर्धा-विक्रमासह सोनं घेतलं. एशियन गेम्सच्या स्टीपलचेसमध्ये सोनं घेणारा तो पहिला भारतीय पुरुष. तीन दिवसांनी पाच हजार मीटरमध्ये रुपेरी पदक.

बर्मिंगहॅमची शर्यत जमली तर घरी जाऊन व्हिडिओवर पाहा. 2022 ची राष्ट्रकुल स्पर्धा. 1998 ते 2018 या सहा राष्ट्रकुल स्पर्धांमध्ये पुरुषांच्या स्टीपलचेसची अठराच्या अठरा पदकं केनियानं नेली होती. त्या भिंतीत साबळे शिरला. अब्राहम किबिवोटच्या मागे तो फक्त 0.05 सेकंदानं राहिला. अंतरात सांगायचं तर एक फुटाच्या आसपास. तीन हजार मीटर पळून एक फूट.

मग पॅरिस ऑलिंपिक. हीटमध्ये पाचवा येऊन तो अंतिम फेरीत गेला. या शर्यतीत ऑलिंपिकची अंतिम फेरी गाठणारा पहिला भारतीय पुरुष. तिथे तो अकरावा आला. सोनं मोरोक्कोच्या सुफियान अल बक्कालीनं घेतलं. आपल्या वर्तमानपत्रांत ही बातमी 'साबळे अकरावा' अशी आली. जगातला अकरावा, हो. मांडव्याच्या वीटभट्टीपासून मोजायला सुरुवात केली तर तो आकडा वेगळा दिसतो.

2025 मध्ये कोरियात गुमीला त्यानं आशियाई अजिंक्यपदाचं सोनं घेतलं. त्यानंतर जुलैमध्ये मोनॅकोच्या शर्यतीत गुडघा दुखावला. लिगामेंटची शस्त्रक्रिया झाली, त्या वर्षीची टोकियोची जागतिक स्पर्धा हुकली. तिशी ओलांडलेल्या धावपटूला अशी दुखापत झाली की पुढे काय होईल हे कोणी सांगू शकत नाही. करिअर म्हणजे हेही असतं.

आता मूळ मुद्दा. साबळेची गोष्ट आपण 'जिद्द' या एका शब्दात गुंडाळून टाकतो. शाळेच्या भिंतीवर लावायला तो शब्द बरा आहे. पण मी इंजिनिअर आहे, मला सिस्टीम कशी चालते ते बघायची सवय. एखादा प्रोग्राम नीट चालला तर आम्ही विचारतो, याच्या मागे काय काय चालू होतं? साबळेच्या मागे काय होतं ते मोजू. एक, दर महिन्याला येणारा पगार. म्हणजे शर्यत हरला तरी घरची चूल पेटणार होती. दोन, पोटभर आणि ठरावीक अन्न. तीन, पळायला जागा आणि पळायला वेळ. चार, बघणारा, टोकणारा, चुकलं तर थांबवणारा प्रशिक्षक. पाच, अपयश पचवणारी संस्था. बुडापेस्टनंतर कोणी त्याला सांगितलं नाही की पुरे झालं, आता दुकान बघ. पुढे कोलोरॅडो स्प्रिंग्जला स्कॉट सिमन्स यांच्याकडे सराव करायलाही मिळाला. ते ठिकाण समुद्रसपाटीपासून 1800 मीटरहून उंच आहे. हवेत ऑक्सिजन विरळ, त्यामुळे शरीर तांबड्या पेशी वाढवतं आणि खाली आल्यावर दम टिकतो.

जिद्द त्याची स्वतःची होती, तिला मी कमी लेखत नाही. पण या पाच गोष्टी त्याला विसाव्या वर्षाच्या पुढेमागे मिळाल्या आणि त्याही फौजेत गेल्यामुळे. बाराव्या वर्षी मिळाल्या असत्या तर? आणि ज्याला कधीच मिळाल्या नाहीत त्याचं काय?

आता आपल्याकडे या. पहाटे बीड बायपासला किंवा जळगाव रोडला गेलात तर भरतीची तयारी करणारी पोरं दिसतात. पोलीस भरतीत मुलांना 1600 मीटर आणि मुलींना 800 मीटर पळावं लागतं. खेड्यातून आलेली, खोली करून राहणारी, फाटक्या बुटात पळणारी पोरं. त्यांत आपल्या मोहल्ल्यातली किती असतात, हे तुम्हीच आठवून पाहा. 'आपल्याला कोण घेणार' असं म्हणून आपण अर्ज भरण्याआधीच शर्यत सोडतो. भेदभाव होतच नाही असं मी म्हणणार नाही. तो होतो, आणि त्याविरुद्ध ही चळवळ बोलतेच. पण स्टॉपवॉचला आडनाव वाचता येत नाही. निदान तिथपर्यंत तरी आपण पोचायला हवं.

आणि मुली? इथे मला एक गोष्ट सांगायची आहे. बहिणीची परवानगी घेऊन सांगतो.

माझी धाकटी बहीण आठवीत असताना शाळेच्या खेळांत 800 मीटरला पहिली आली. पुढची स्पर्धा शहराबाहेर होती. अम्मी तयार होती. अब्बा म्हणाले, बघू. नको म्हणणारा मी होतो. मी तेव्हा इंजिनिअरिंगच्या दुसऱ्या वर्षाला होतो आणि स्वतःला फार शिकलेला समजत होतो. गल्लीतले दोन मित्र काहीतरी बोलले होते, आणि त्यांच्यासमोर मला मान खाली घालायची नव्हती. मी अम्मीला म्हणालो, "लोग क्या बोलेंगे?" बहीण भांडली नाही. तिनं बूट धुतले, वाळवले आणि कपाटावर ठेवून दिले. पुढे ती शिकली, आज शिक्षिका आहे, तिचं छान चाललंय. पण ती किती वेगानं पळू शकली असती, हे आता कोणालाही कळणार नाही. ते माझ्यामुळे. साबळेच्या मागच्या ज्या पाच गोष्टी मी मोजल्या, त्यांतली एकही मी तिच्याकडून पैशाअभावी काढून घेतली नव्हती.

मी तेव्हा दीनचं नाव पुढे केलं होतं, हेही कबूल करतो. हजरत आयेशा आणि पैगंबर साहेब (स.) यांच्यात धावण्याची शर्यत झाली होती, एकदा हजरत आयेशा जिंकल्या आणि नंतर एकदा पैगंबर साहेब (स.), ही हदीस मला ठाऊकच नव्हती. माझा आधार धर्म नव्हता, दोन मित्रांचे टोमणे होते.

आता एका धावपटू मुलीचं नाव लक्षात ठेवा. सिफान हसन. जन्म इथिओपियातला. पंधरा वर्षांची असताना, 2008 मध्ये, निर्वासित म्हणून नेदरलँड्समध्ये आली. 2013 मध्ये तिला तिथलं नागरिकत्व मिळालं. टोकियो ऑलिंपिकमध्ये पाच हजार आणि दहा हजार मीटरचं सोनं आणि पंधराशेचं ब्राँझ. त्या पंधराशेच्या हीटमध्ये ती शेवटच्या फेरीत पडली, उठली आणि ती हीट जिंकली. 2023 मध्ये लंडनला आयुष्यातली पहिली मॅरेथॉन. त्याआधीचा सराव रमजानमध्ये आला होता. शर्यतीत कंबर धरली म्हणून मध्येच थांबून तिनं अंग ताणलं, मागे पडली आणि तरी जिंकली. पॅरिसला तिनं मॅरेथॉनचं सोनं घेतलं, 2 तास 22 मिनिटं 55 सेकंद, ऑलिंपिक विक्रम.

ती पळाली शर्यतीच्या कपड्यांत. पदक घ्यायला आली हिजाब घालून. याच पॅरिसमध्ये फ्रान्सनं आपल्या खेळाडू मुलींना हिजाबची बंदी घातली होती. म्हणजे एका बाजूला सरकार सांगतं, हे घातलंस तर खेळू देणार नाही. दुसऱ्या बाजूला माझ्यासारखा भाऊ सांगतो, हे काढलंस तर खेळू देणार नाही. दोघांच्याही बोलण्यात मुलगी कुठे आहे? सिफाननं दोन्ही वेळा काय घालायचं ते स्वतः ठरवलं. मला तिच्या पदकाइतकंच त्याचं मोल वाटतं.

आणि उदाहरणासाठी नेदरलँड्सला जायचीही गरज नाही. सातारा जिल्ह्यातल्या दुष्काळी माण तालुक्यातली ललिता बाबर 2016 च्या रिओ ऑलिंपिकमध्ये याच स्टीपलचेसच्या अंतिम फेरीत पोचली आणि दहावी आली, साबळेच्या आठ वर्षं आधी. पुढे ती महसूल खात्यात अधिकारी झाली. नाशिकच्या आदिवासी पाड्यावरची कविता राऊत 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत दहा हजार मीटरला ब्राँझ घेऊन आली. आपल्या शेजारच्या परभणीची ज्योती गवते मुंबई मॅरेथॉनमध्ये भारतीय महिलांत पहिली आली. ही सगळी दुष्काळाची, डोंगराची, साध्या घरातली माणसं.

मग आपण करायचं काय? मी भाषण देऊन जाणार नाही, चार कामं सांगतो.

पहिलं, आपल्या संस्थांच्या शाळांना मैदानं आहेत. सकाळी सहा ते आठ ती मोहल्ल्यातल्या मुलामुलींसाठी उघडी राहावीत म्हणून संस्थाचालकांना अर्ज द्यायचा. लग्नासाठी मैदान मिळतं, तर पळण्यासाठीही मिळायला हवं.

दुसरं, शाळेत खेळाचा तास खरंच होतो का, की त्या वेळी गणिताचा जादा तास घेतात, हे पालकसभेत विचारायचं. शालेय क्रीडा स्पर्धांना मुलं पाठवली जातात का, मुलीही जातात का, हेही विचारायचं. लाजायचं नाही.

तिसरं, माहिती. आपल्या विद्यापीठाच्या आवारात भारतीय खेळ प्राधिकरणाचं केंद्र आहे. इथल्या कितीतरी पालकांनी त्याचं फाटकही पाहिलेलं नसेल. राज्य सरकारच्या नोकऱ्यांमध्ये गुणवंत खेळाडूंना पाच टक्के आरक्षण आहे. नियम आणि प्रमाणपत्रं समजून घ्यायला आमच्यासारख्या शिकलेल्यांनी मदत करायची. फॉर्म भरायचं काम माझ्याकडे द्या.

चौथं काम मोठ्या भावांचं. ते सोपं आहे. फक्त गप्प बसायचं. बहिणीच्या बाबतीत गल्लीत कोणी बोललं तर एकदाच सांगायचं की ती पळते, आणि मी तिला सोडायला जातो.

तुमच्यातला कोणी ऑलिंपिकला जाईल असं आश्वासन मी देत नाही. साबळेच्या वाटेवर चालणारी बहुतेक मुलं ऑलिंपिकला गेली नाहीत. पण कोण किती वेगानं पळू शकतं हे कळायच्या आतच त्याला किंवा तिला घरी बसवू नका, एवढंच मागणं आहे.

माझी भाची सात वर्षांची आहे. रविवारी फजरनंतर मी तिला घेऊन आमखास मैदानावर जातो. तिची आईही येते. दोन आठवड्यांपूर्वी ती भाचीबरोबर एक फेरी पळाली, सोळा-सतरा वर्षांनी. मी घड्याळ लावलं होतं, पण वेळ सांगायला तिनं मनाई केली आहे.

येत्या रविवारी तुम्हीही या. बूट नसले तरी चालेल. मुलींना घेऊन या.